आज प्रार्थना सुमंत करेल

सुवार्ताताईंनी आईंच्या दंडाला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं, सुई डबीत ठेवली आणि आतूनच हाक मारली, "चला, बसून घ्या सगळे. आईला आता उशीर चालायचा नाही."

नाताळची दुपार होती. सकाळची उपासना आटोपली होती. "सलाम, बाई" म्हणत फराळाची ताटं घेऊन येणारे शेजारी येऊन गेले होते. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळं मिशन कंपाऊंड बाईच म्हणायचं. मुलींच्या शाळेच्या त्या कित्येक वर्षं मुख्याध्यापिका होत्या. सासरे त्याच कंपाऊंडातल्या चर्चचे पाळक होते. मी लग्न होऊन या घरात आले त्याआधीच ते वारले होते.

जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहा जण बसलो. टोकाच्या खुर्चीवर आई. त्यांच्या एका बाजूला सुवार्ताताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुमंतची, थोरली बहीण, आणि त्यांचे यजमान शांतवनराव. दुसऱ्या बाजूला सुमंत, मी आणि आमची सई. ती तेव्हा तिसरीत होती. मटणाचं पातेलं मधोमध वाफाळत होतं. पुलाव होता, पोळ्या होत्या, शेवयांची खीर होती.

शांतवनरावांनी घसा साफ केला. जेवणाची प्रार्थना दर वर्षी तेच करायचे. माणूस मितभाषी, प्रार्थनाही चार वाक्यांत उरकायची. तेवढा वेळ सगळे माना खाली घालायचे. सुमंत मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघायचा.

"शांतवनराव, तुम्ही राहू द्या," आई म्हणाल्या. "आज प्रार्थना सुमंत करेल."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

सुमंत देव मानत नव्हता आणि ते लपवतही नव्हता. पण नाताळला यायचा. आम्ही बाकीचे उपासनेला गेलो की ओट्यावर पेपर वाचत बसायचा. दारावरच्या चांदणीचा दिवा लागत नसला तर स्टुलावर चढून दुरुस्त करायचा. मटण तोच आणायचा आणि साफ करूनही तोच द्यायचा. मीही देव मानत नाही, पण मला तिथली गाणी आवडायची, म्हणून आईंबरोबर चर्चला जायचे. आईंनी त्याला कधी चल म्हटलं नाही, त्यानं कधी वाद घातला नाही. मला वाटायचं, किती समजूतदार माणसं आहेत ही. माझ्या माहेरी साताऱ्याला गणपतीत एवढ्याशा गोष्टीवरून भांड्याला भांडं लागायचं.

त्या वर्षी मात्र नोव्हेंबरात एक गोष्ट घडली होती. गावाच्या मैदानावर कुणी उपदेशक येऊन आजार बरे करायच्या सभा घेऊन गेला होता. त्याला उत्तर म्हणून तिथल्या काही तरुणांनी सुमंतचं भाषण ठेवलं. तो पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि बोलायचा फार छान. त्या भाषणात त्यानं स्वतःच्या घरातलं उदाहरण दिलं. "माझा धाकटा भाऊ प्रार्थनेनं मारला," तो म्हणाला. "मारणारी माणसं दुष्ट नव्हती. ते माझे आईवडील होते." पेपरात दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मथळ्याला आलं, खाली आडनावासकट. चक्रनारायण आडनावाचं घर त्या गावात एकच होतं.

मी त्याला म्हटलं होतं, "आईंच्या गावात जाऊन हे बोलायची गरज होती का?"

"खरं तिथंच बोलावं लागतं," तो म्हणाला होता.

मग डिसेंबरात आईंचा फोन आला. "येताय ना नाताळला? सईच्या फ्रॉकचं माप सांग." त्या भाषणाबद्दल अवाक्षर नाही. मी मनाशी म्हटलं, त्यांनी वाचलं नसावं. त्या रोज चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे माहीत असूनही मी तसं म्हटलं.

"आई, मी प्रार्थना करत नाही. तुला माहीत आहे," सुमंत म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मग आज कर. मी जेवायची थांबलेय. बाकीच्यांनी सुरुवात केली तरी चालेल."

कुणीच सुरुवात केली नाही. सुमंत हसला. त्याला अजून वाटत होतं की हे थट्टेवारी जाईल. "शांतवनराव छान करतात. त्यांचा का हक्क घेतेस?"

आई हात मांडीवर ठेवून पाठ न टेकता बसून राहिल्या. वर्गात पोरींनी गोंगाट केला की त्या अशाच बसायच्या, असं सुवार्ताताई सांगायच्या. बोलायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं बसायचं.

पातेल्यातली वाफ कमी होत गेली. शांतवनराव दोनदा म्हणाले, "आई, मी करतो ना." आईंनी त्यांना हातानंच थांबवलं. सई माझ्याकडे बघून मग आजीकडे वळली. "आजी, मी करू? मला शाळेतली येते."

"तुझी नकोय मला," आई म्हणाल्या.

सईनं जोडलेले हात टेबलाखाली घेतले.

"आई, तिच्यावर कशाला?" सुमंतचा आवाज पहिल्यांदा चढला. "सुई टोचून घेतलीस आणि मग हे काढलंस. मुद्दाम."

"हो," आई म्हणाल्या. "मुद्दाम."

सुवार्ताताई रडवेल्या झाल्या. त्यांनी खिरीचा चमचा भरून आईंच्या तोंडाशी नेला. आईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. चमच्यातली खीर त्यांच्या हनुवटीवरून पांढऱ्या साडीवर सांडली, पण त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. डिसेंबराची थंडी, खिडकी उघडी, आणि त्यांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. बोटं थरथरत होती. सुवार्ताताई भावाला म्हणाल्या, "सुमंत, तुझ्या पाया पडते. हिची साखर उतरतेय. मागच्या वेळेला हिची शुद्ध गेली होती."

"तिला सांग ना. घास तिच्यासमोर आहे."

"ती ऐकायची नाही. तुला माहीत नाही का ती?"

"मी पण तिचाच मुलगा आहे."

त्या क्षणी मला त्या दोघांचीही भीती वाटली. एक बाई मरायला बसली होती आणि तिचा मुलगा तिला मरू द्यायला बसला होता. दोघांच्या हनुवट्या अगदी एकसारख्या वर झालेल्या. मी त्याच्या कानाशी वाकले. "म्हणून टाक ना चार शब्द. आपण मानतच नाही, तर शब्दांनी आपलं काय जातंय?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. मग त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मिटा डोळे."

सगळ्यांनी डोळे मिटले. आईंनीही मिटले. मी अर्धवट उघडे ठेवले होते.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या," सुमंतनं सुरुवात केली आणि मी चमकले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भाषणातला नव्हता, घरातलाही नव्हता. संथ, भरदार, शेवटचा शब्द किंचित लांबवणारा. त्याच्या वडिलांचा असणार. "या पवित्र दिवशी आम्ही तुझे उपकार मानतो. या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. या घराबद्दल, या कुटुंबाबद्दल, आमच्या आईबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो."

सुवार्ताताईंनी हुंदका गिळला. त्यांना वाटलं, सुटलो.

"आणि पित्या, आमच्या उल्हासबद्दलही आम्ही तुझे उपकार मानतो. तो आठ वर्षांचा असताना तू त्याला आपलासा केलास. तो तापानं फणफणला तेव्हा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. पण माझ्या आईवडिलांनी डॉक्टरांना त्रास दिला नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि तुला बोलावलं. तू जवळच होतास, नाही का? मला शेजारच्या पारग्यांकडे झोपायला पाठवलं होतं. भिंत एकच. मी भिंतीला कान लावून ऐकत होतो. माझा भाऊ पाणी, पाणी म्हणून ओरडत होता. माझी आई मोठ्या आवाजात स्तोत्र म्हणत होती. पाण्याच्या पेल्यापेक्षा तुझं वचन मोठं, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो."

कुणी हललं नाही. प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नसतं, डोळे उघडायचे नसतात. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून अंगात मुरलेली ही शिस्तच तो आता त्यांच्यावर वापरत होता. सुवार्ताताईंच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शांतवनरावांचे जोडलेले हात कपाळाला लागले होते.

"तिसऱ्या दिवशी तू त्याला नेलंस. माझ्या आईनं त्याला मारलं नाही, पित्या. तिनं फक्त तुझ्यावर भरवसा ठेवला. तिला क्षमा कर. तिला आज जेवणाची रुची दे. हे सर्व प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन."

"आमेन," आई म्हणाल्या. स्पष्ट म्हणाल्या.

त्यांनी खिरीची वाटी ओढली, दोन्ही हातांनी धरून अर्धी प्यायल्या आणि मग थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. सुवार्ताताई पदरानं त्यांचं कपाळ पुसत होत्या. हळूहळू त्यांच्या बोटांची थरथर थांबली. त्यांनी रुमालानं तोंड टिपलं, साडीवरचा डागही टिपला.

"चांगली केलीस," त्या म्हणाल्या. "वडिलांसारखी. त्यांना ऐकायला मिळायला हवी होती."

सुमंत बसला. त्याचा चेहरा उतरला होता, पण जिंकल्यासारखाही दिसत होता.

"आता माझं ऐक. ही प्रार्थना नाही. डोळे उघडेच ठेव."

मी उठले आणि सईचा हात धरला. "सई, चल, आपण बाहेर—"

"वैजयंती, बसू दे तिला," आई म्हणाल्या. "त्यानं मैदानात माईक लावून सांगितलं, तेव्हा पोरं बाहेर काढली नव्हती."

मी बसले. का बसले, हे मला आजही सांगता येत नाही. त्या आवाजापुढं बसावंच लागायचं.

"डॉक्टर आले होते," आई सुमंतला म्हणाल्या. "पहिल्याच संध्याकाळी. तू पारग्यांकडे होतास. त्यांनी उल्हासला तपासलं आणि त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरला. नुसता धरला. पुढं काय झालं ते मी सांगत नाही. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला आणि तुझ्या वडिलांना बाहेर नेलं. म्हणाले, आता कुठं नेऊ नका, याच्यावर उपाय नाही. वाटेत हाल होतील. घरातच राहू दे."

"आई, नको ना," सुवार्ताताई म्हणाल्या. त्यांना हे ठाऊक होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"तो पाणी मागत नव्हता, सुमंत. पाणी नको म्हणत होता. भिंतीपलीकडून तुला 'नको' ऐकू आलं नसेल."

सुमंत ताटाकडे बघत होता.

"मधे मधे तो चांगला शुद्धीवर यायचा. तेव्हा मला सांगितलं त्यानं. वखारीमागं तुम्ही दोघांनी एक कुत्र्याचं पिल्लू बांधलं होतं. ते त्याच्या मनगटाला चावलं. दादा म्हणाला, आईला सांगू नको, नाहीतर पिल्लू सोडून देतील. दादानं हळद लावली. बरंही झालं मनगट. पुढं पिल्लू मेलं तेही तुम्ही दोघांनी मिळून पुरलं."

"मी दहा वर्षांचा होतो, आई," सुमंत म्हणाला.

कुठलं पिल्लू, असं त्यानं विचारलं नाही. मी त्याच्या अगदी शेजारी बसले होते. मी वाट बघत होते की तो आता विचारेल. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य शोधत होते. ते नव्हतं. आपलं नाव पुकारलं जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"दहा वर्षांचा होतास, म्हणूनच सांगितलं नाही," आई म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी माझ्याकडून वचन घेतलं. मेंदूज्वर म्हणायचं ठरलं. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं. मग तुला रोज दवाखान्यात नेऊन पोटात इंजेक्शनं दिली. तू किंचाळायचास, मी तुझे हात धरायची. पोटातली इंजेक्शनं कशाची असतात, हे तू आता पोरांना शिकवतोस. तुझा तो विषयच आहे."

त्यानं मला कधीच त्या इंजेक्शनांबद्दल सांगितलं नव्हतं. आमची ओळख झाली तेव्हा कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून त्यानं मला उल्हासची गोष्ट सांगितली होती. बंद दार, स्तोत्र, पाण्यासाठीचा आक्रोश. एवढं सोसून हा माणूस सरळ उभा राहिला आणि इतरांच्या मुलांसाठी बोलतो आहे, असं मला वाटलं होतं. त्या गोष्टीवरच मी त्याच्याशी लग्न केलं, असं म्हटलं तरी चालेल. घरच्यांशी भांडून केलं.

"तू कॉलेजात गेलास तेव्हा मी तुझ्या वडिलांना म्हटलं, आता याला कळेल. एखाद्या सुट्टीत येईल आणि माझ्याजवळ बसून बोलेल. सुट्टीत आलास आणि देव नाही म्हणालास. प्रार्थनेनं उल्हासला मारलं म्हणालास. तुझे वडील रडले. मी म्हटलं, राहू द्या. त्याला कुणावर तरी टाकायचंय. देवाला सोसेल, मलाही सोसेल. घरातल्या घरात म्हणत होतास तोवर सोसलं."

"आई—"

"मी शिकवलेल्या पोरी आता आज्या झाल्यात. त्या मंडईत माझ्याकडे बघतात आणि भाजी निवडायला लागतात." त्यांनी सईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू गावासमोर सांगितलंस. मी तुझ्या बायको-मुलीसमोर सांगितलं. फिटलं."

मग त्यांनी मटणाच्या पातेल्यातला डाव उचलला आणि पहिलं सुमंतच्या ताटात वाढलं. दोन मोठे तुकडे, त्याला आवडायची तशी नळी. "घ्या आता. गार झालंय."

आणि आम्ही जेवलो. कुणीही ताटावरून उठलं नाही. सुमंतनं नळी बाजूला ठेवली, पण बाकी सगळं संपवलं. मधेच सईनं विचारलं, "बाबा, कुठलं पिल्लू?" आजीनं तिला आणखी खीर वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही पुण्याला परतलो. आई नेहमीसारख्या फाटकापर्यंत आल्या. सुमंतच्या गालावरून त्यांनी हात फिरवला. तो हलला नाही. डॉक्टरांच्या हाताखाली मूल अंग चोरून बसतं, तसा उभा राहिला.

घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. तोही बोलला नाही. फेब्रुवारीत कुठल्यातरी गावाहून व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा त्यानं तब्येतीचं कारण सांगितलं. पुढं बोलावणी येईनाशी झाली. मी त्याला सोडून गेले नाही. सई होती, नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांच्या मुलाला सोडून कसं जायचं, असं मला वाटायचं. पण रात्री त्याचा हात माझ्या हातात आला की मला पूर्वीसारखं काही वाटायचं नाही. त्याला ते कळत होतं.

पुढच्या डिसेंबरात त्यानंच विषय काढला. "आईकडे कधी निघायचं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. "जायचंय?"

"नाताळ आहे ना."

तेच टेबल, तीच माणसं. इंजेक्शन झालं, पानं वाढली. शांतवनराव या वेळी घसा साफ करायच्या फंदात पडले नाहीत. आई म्हणाल्या, "सुमंत." एवढंच. तो उभा राहिला आणि त्यानं प्रार्थना केली. साधी, सरळ, अन्नाबद्दल आणि आरोग्याबद्दल उपकार मानणारी. त्यात एकही वाकडा शब्द नव्हता. आईंनी आमेन म्हटलं आणि डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मग जेवण संपेपर्यंत पाहत राहिल्या. वाढताना, घास घेताना, पाणी पिताना. त्या नजरेत राग नव्हता. मी कित्येकदा नीट न्याहाळलं. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर आई होत्या तोवर दर नाताळला हेच चाललं. पुढं पुढं चर्चलाही तो जायला लागला आणि पहिल्या बाकावर आईंच्या शेजारी बसायला लागला. बाईंचा मुलगा परत आला, असं कंपाऊंडात सगळे म्हणायचे. नवे पाळक घरी येऊन त्याचा हात हातात घेऊन गेले. सुवार्ताताईंनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "देवाची करणी बघ."

एका वर्षी परतताना एसटीत आमच्या शेजारची जागा रिकामी होती. सई पुढच्या बाकावर झोपली होती. मी त्याला विचारलं, "सुमंत, तू देव मानायला लागलास का?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही."

"मग का करतोस? आता तर त्या जबरदस्तीही करत नाहीत. नुसतं नाव घेतात. नाही म्हणालास तरी त्या जेवतील."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

"प्रार्थना चालू असते तेवढा वेळ," तो म्हणाला, "तिचे डोळे मिटलेले असतात."